मुद्देमालाची उलटतपासणी

चंद्रपूरच्या किंवा गडचिरोलीच्या न्यायालयासमोरच्या टपरीवर चहा संपेपर्यंत उभे राहा, एक वाक्य कानावर पडतेच: “माणूस खोटं बोलन, मोबाइल थोडीच बोलते!” फारकतीचा दावा असो, तेंदूपत्त्याच्या पैशाचा वाद असो, वाघाच्या शिकारीचा गुन्हा असो की नक्षल प्रकरण, मोबाइल जप्त झाला म्हणजे निकाल लागल्यात जमा, हा समज पक्षकारांपासून वकिलांपर्यंत मुरला आहे. त्याच्या जोडीला दुसरा समज असा की, मोबाइलची स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी मागणारा एक तर पैशाने मातलेला असतो किंवा त्याच्या मनात काहीतरी काळेबेरे असते.

हे दोन्ही समज चुकीचे आहेत आणि आमच्या या जंगलपट्टीत ते शहरापेक्षा महागात पडतात, असे माझे म्हणणे आहे. पण खंडन करायचे तर समोरच्याचा पक्ष आधी नीट मांडला पाहिजे. तो कमकुवत करून मांडायचा आणि मग पाडायचा, यात मर्दुमकी नाही.

पूर्वपक्ष चार मुद्द्यांवर उभा आहे. पहिला: सरकारी प्रयोगशाळा तटस्थ असते. तिथला तज्ज्ञ पगारी. आरोपी सुटला काय नि अडकला काय, त्याच्या पगारात फरक पडत नाही. दुसरा: खाजगी तज्ज्ञ फी घेतो आणि फी देणाऱ्याला हवे ते लिहून देतो. तिसरा: मोबाइलमधला मजकूर जसा असतो तसाच कागदावर उतरतो, त्यात मताला जागाच कुठे? हस्ताक्षराबद्दल दोन मते होतील, मेसेज तो मेसेजच. चौथा: असल्या तपासण्या खर्चिक असतात, त्यांनी खटले लांबतात आणि गरिबाला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

यातला पहिला मुद्दा बहुतांशी खरा आहे, पण प्रश्नाला धरून नाही. दुसरा अर्धा खरा आहे. तिसरा साफ चूक आहे. चौथ्यात दुखणे खरे आहे, औषध चुकीचे आहे.

सगळ्या गोंधळाचे मूळ तिसऱ्या मुद्द्यात आहे, म्हणून सुरुवात तिथून करू. मोबाइलला आपण साक्षीदार समजतो. कायद्याच्या आणि व्यवहाराच्या दृष्टीने तो मुद्देमाल आहे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, शपथ घेतो, त्याची उलटतपासणी होते. कुऱ्हाड, बंदूक किंवा मोबाइल यांना शपथ देता येत नाही. त्यांच्याबाबत विचारायचे प्रश्न वेगळे: ही वस्तू कुठे सापडली, कुणी उचलली, कुणाच्या देखत पाकिटात घातली, सील कुणाचे, मालखान्यात किती दिवस पडून होती, प्रयोगशाळेत पोहोचली तेव्हा सील शाबूत होते का? कुऱ्हाडीवरचे रक्त मालखान्यात आपोआप वाढत नाही. चालू मोबाइलमधला मजकूर मात्र पाकिटाच्या आत बसूनही बदलत असतो.

हे प्रश्न किती जड असतात, याचा धडा आमच्याच मातीत लिहिला गेला आहे. २२ ऑगस्ट २०१३ रोजी अहेरीच्या बसस्थानकाजवळ महेश तिरकी, पांडू नरोटे आणि हेम मिश्रा यांना पकडले, असे पोलिसांचे म्हणणे. तिरकी आणि नरोटे एटापल्ली तालुक्यातले, मिश्रा दिल्लीत शिकणारा विद्यार्थी. मिश्रांचे म्हणणे वेगळे होते: आपल्याला दोन दिवस आधीच बल्लारशाह रेल्वे स्थानकावर उचलले. मिश्रांकडून कागदात गुंडाळलेले १६ जीबीचे मेमरी कार्ड जप्त झाल्याची नोंद झाली. बोटाच्या नखाएवढे ते कार्ड आणि पुढे १२ सप्टेंबर २०१३ रोजी प्रा. जी. एन. साईबाबा यांच्या दिल्लीतल्या घरातून घेतलेल्या हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह वगैरे वस्तू, यांच्यावर नक्षल संबंधांच्या आरोपाखालच्या खटल्याचा मोठा डोलारा उभा राहिला. ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने पाच जणांना जन्मठेप आणि उरलेले आरोपी विजय तिरकी यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

५ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने (न्या. विनय जोशी आणि न्या. वाल्मिकी मेनेझिस) सर्वांना निर्दोष ठरवले. कारणे एकाहून अधिक होती. यूएपीए (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा) याखालच्या मंजुरीतले दोष हे त्यातले महत्त्वाचे कारण. पण जप्तीबद्दल आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दल खंडपीठाने जे म्हटले ते आपल्या विषयाचे मर्म आहे. साईबाबांच्या घरातली जप्ती कायदेशीर रीतीने सिद्ध झालेली नाही आणि इलेक्ट्रॉनिक पुरावा साक्ष कायदा व माहिती तंत्रज्ञान कायदा यांच्या कसोटीवर शाबीत झालेला नाही. घर विद्यापीठाच्या आवारातले, तिथे शिकलेल्या माणसांची वाण नसताना या जप्तीचा पंच निरक्षर होता, ही गोष्टही न्यायालयाच्या नजरेतून सुटली नाही. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती द्यायला नकार दिला.

आता टपरीवरच्या वाक्याकडे परत जा. ते कार्ड खोटे बोलले का? कार्ड काहीच बोलले नव्हते. प्रयोगशाळेने त्यात जे होते ते वाचून दाखवले. ते तिथे कसे आले आणि मधल्या प्रवासात कार्डाला काय झाले, हा प्रश्न प्रयोगशाळेला कुणी विचारलेला नव्हता आणि तिच्या टेबलावरून त्याचे उत्तर देणे शक्यही नव्हते.

पहिला मुद्दा इथेच गळून पडतो. सरकारी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. नागपूरच्या प्रयोगशाळेत विदर्भातून मुद्देमालाचे ढीग येतात आणि तिथली माणसे जमेल तेवढे काम उपसतात. पण प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. पोलिसांच्या पत्रात ‘मोबाइलमधील अमुक क्रमांकाशी झालेले संभाषण काढून द्यावे’ असे लिहिलेले असेल तर संभाषण काढून मिळते. हे संभाषण जप्तीच्या तारखेनंतर बदलले का, मोबाइलमध्ये दुसऱ्याचा हात चालवणारे एखादे ॲप होते का, हे पत्रात नसेल तर अहवालातही नसते. तटस्थ माणसाला अर्धवट प्रश्न विचारला की उत्तर तटस्थ येते, पण अर्धवट येते. स्वतंत्र तपासणीचे पहिले काम उरलेला अर्धा प्रश्न विचारणे हे आहे.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. सरकारी वैज्ञानिकाचा अहवाल तो स्वतः हजर न राहता पुराव्यात वाचता येतो. जुन्या दंड प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ मध्ये ही सोय होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे. पण त्याच कलमात त्या तज्ज्ञाला साक्षीला बोलावण्याचा अधिकार न्यायालयाला दिलेला आहे. तज्ज्ञाचे मत हे कायद्यात मतच राहते, निकाल होत नाही.

‘मेसेज तो मेसेजच’ या श्रद्धेला आता जवळून पाहू. व्हॉट्सॲपचे संभाषण अँड्रॉइड मोबाइलमध्ये एका डेटाबेस फाइलमध्ये साठते. त्यात प्रत्येक मेसेजची वेळ ‘सकाळी दहा’ अशी लिहिलेली नसते. १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद झाले, तो एक लांबलचक आकडा असतो, आणि तो जागतिक प्रमाण वेळेत असतो. आपले घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. समजा, १० तारखेच्या पहाटे दोन वाजता एटापल्लीच्या कुणी मेसेज पाठवला. अहवाल काढणाऱ्याने वेळेचे रूपांतर केले नाही तर कागदावर येईल ९ तारीख, रात्रीचे साडेआठ. खून ९ तारखेच्या रात्री नऊला झाला असेल, तर हा फरक एखाद्याला घटनास्थळी नेऊन उभा करील किंवा तिथून उठवून आणील. कुणी लबाडी केली नाही, मोबाइल खोटे बोलला नाही, तरी माणूस अडकला.

टॉवर लोकेशनचेही तसेच. मुंबईत टॉवर गल्लीगणिक आहेत, म्हणून तिथे टॉवरवरून माणसाचा ठावठिकाणा बराच कळतो. जीएसएम तंत्रात एका टॉवरचा पल्ला तत्त्वतः ३५ किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. टॉवर विरळ असलेल्या भामरागडसारख्या भागात ‘अमुक टॉवरच्या कक्षेत होता’ याचा अर्थ ‘या रानात कुठेतरी होता’ एवढाच. सिरोंच्यात तर प्राणहितेच्या किंवा गोदावरीच्या पलीकडे तेलंगणाचा मुलुख. अलीकडे बसलेल्या माणसाच्या मोबाइलने पलीकडचा टॉवर धरला तर कागदोपत्री तो माणूस दुसऱ्या राज्यात गेला. अशा वेळी मोबाइलच्या आतच दुसरे पुरावे सापडू शकतात: फोटोत नोंदलेले अक्षांश-रेखांश, जोडले गेलेले वायफाय, नकाशाच्या ॲपमधल्या नोंदी. टॉवरचा कागद कंपनीकडून येतो, हे सारे मोबाइल उघडणाऱ्यालाच दिसते. ते शोधा असे कुणी सांगितले नसेल तर ते न पाहिलेलेच राहते.

भाषेची अडचण तर शहरातल्या पुस्तकांत सापडणारही नाही. माडियात किंवा गोंडीत पाठवलेला व्हॉइस मेसेज मराठीत उतरवून न्यायालयात येतो. उतरवणाऱ्याला ती बोली किती येते? ‘ते लोक आले’ यातले ‘ते’ कोण, पाहुणे की नक्षल्यांचे दलम? मूळ आवाजाची फाइल दुसऱ्या जाणकाराने ऐकल्याशिवाय त्या मराठी कागदाला पुरावा म्हणणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे.

आता पाकिटाच्या आत काय होते ते पाहा. मोबाइल चालू स्थितीत, सिमसह, तपकिरी पाकिटात घातला, वर लाखेचे सील ठोकले, पंचांच्या सह्या झाल्या. कागद चोख. पण आत मोबाइल नेटवर्कशी जोडलेलाच आहे. नवे मेसेज येत आहेत. पलीकडच्याने ‘सर्वांसाठी डिलीट’ केले तर जुने जात आहेत. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांत आपोआप पुसले जाणारे मेसेज पुसले जात आहेत. दूरवरून सगळा मोबाइल कोरा करण्याची सोयही असते. बरे, बंद करून ठेवावा तर नवे मोबाइल बंद झाले की आतला मजकूर कुलूपबंद होतो. पुन्हा चालू करून पासवर्ड दिल्याशिवाय फारसे काही हाती लागत नाही. म्हणून जाणकार आधी विमान मोड लावतो, मोबाइल लहरी अडवणाऱ्या पिशवीत ठेवतो, चार्जिंगची सोय करतो, आणि यातले काय कधी केले ते वेळेसह लिहून ठेवतो. हा लेखी हिशेब पाहणे आणि तो नसेल तर तो नाही असे ठणकावून सांगणे, हे स्वतंत्र तपासणीचे दुसरे काम.

तिसरे काम हॅशचे. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एसएचए-२५६ या पद्धतीत कितीही मोठ्या फाइलमधून ६४ अक्षर-अंकांची एक ओळ निघते. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात आता हॅश लिहावा लागतो. प्रमाणपत्राचा भाग ‘अ’ पक्षकाराने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. इथे एक बारकावा आहे आणि तो न कळल्यामुळे दोन्ही बाजूंचे वकील फसतात. हार्ड डिस्कची प्रत योग्य रीतीने दोनदा काढली तर दोन्ही वेळा हॅश तोच येतो. चालू मोबाइलचे तसे नसते. तो प्रत्येक वेळी चालू झाला की स्वतःच्या नोंदी बदलतो. म्हणून एकाच मोबाइलच्या दोन वेळच्या प्रतींचे हॅश वेगळे निघाले म्हणजे छेडछाड झालीच, असे होत नाही. हॅश मोबाइलचा नसतो, त्या वेळी काढलेल्या प्रतीचा असतो. तेव्हा पहिली प्रत लवकर काढणे, तिचा हॅश तिथल्या तिथे लिहिणे आणि पुढचे सगळे काम त्या प्रतीवर करणे, यालाच महत्त्व. ‘हॅश जुळला नाही, आरोपी सुटला’ म्हणणारा आणि ‘हॅश लिहिला आहे, आता बोलायचे काम नाही’ म्हणणारा, दोघेही सारखेच अडाणी.

आता दुसरा मुद्दा: भाड्याचा तज्ज्ञ. यात तथ्य आहे, आणि ते झाकून माझा पक्ष बळकट होणार नाही. फी देणाऱ्याच्या सुरात सूर मिळवणारे तज्ज्ञ असतात. पण पिढ्यानपिढ्या आपण मृत्युपत्रावरच्या सह्या आणि खरेदीखतावरचे अंगठे खाजगी हस्ताक्षरतज्ज्ञांना दाखवत आलो. तेव्हा कुणी म्हटले नाही की खाजगी माणसाला हात लावू देऊ नका. त्याचे मत न्यायालय तोलते, पटले तर घेते. मोबाइलच्या तज्ज्ञाचा तर एक मोठा गुण आहे: त्याचे काम तिसऱ्याला पुन्हा करून पाहता येते.

उदाहरण घ्या भीमा-कोरेगाव प्रकरणाचे. त्यातले एक आरोपी महेश राऊत गडचिरोलीतल्या ग्रामसभांबरोबर काम केलेले, दुसरे सुरेंद्र गडलिंग नागपूरचे वकील आणि साईबाबांचा बचाव करणारे. म्हणून ते प्रकरणही आमच्यापासून दूरचे नाही. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतल्या बॉस्टनच्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने याच प्रकरणातले आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत तपासली. फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात तिने म्हटले की, नेटवायर नावाच्या मालवेअरद्वारे कुणीतरी २२ महिने त्या संगणकात वावरत होते आणि पुरावा म्हणून दाखवलेली दहा पत्रे त्यानेच एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली. इथपर्यंत हे केवळ मत वाटेल. पण अहवालातली एक साधी गोष्ट पाहा: काही पत्रे वर्डच्या २०१० किंवा २०१३ च्या आवृत्तीतून पीडीएफ केलेली होती, आणि त्या लॅपटॉपवर वर्ड होते २००७ चे. ही गोष्ट खरी की खोटी, हे पाहायला आर्सेनलवर विश्वास ठेवायची गरज नाही. प्रत असलेला कुणीही जाणकार तपासून सांगू शकतो. चांगल्या स्वतंत्र अहवालाची ओळख हीच की त्यातली विधाने लिहिणाऱ्याच्या प्रतिष्ठेवर टेकलेली नसतात.

इथे स्वतंत्र तपासणीच्या भक्तांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. असा अहवाल हाती आला म्हणजे निर्दोषत्व सिद्ध झाले, हा आमच्या कार्यकर्ता मित्रांचा समज पहिल्या समजाचाच जुळा भाऊ आहे. अहवाल वर्तमानपत्रात छापून आला म्हणजे न्यायालयात शाबीत झाला असे होत नाही. तो लिहिणाऱ्यालाही उलटतपासणीला सामोरे जावे लागते. आणि कधी कधी प्रामाणिक तपासणीचे उत्तर ‘सांगता येत नाही’ असेच येते. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. समितीने २९ मोबाइल तपासले. पाचांत काही ना काही मालवेअर सापडले. ते पेगॅससच असे मात्र ठामपणे म्हणता आले नाही. ज्याला ‘सांगता येत नाही’ हे उत्तर चालणार नाही, त्याने तपासणीच्या वाटेला जाऊ नये.

मग कायद्याने वाट मोकळी आहे का? आहे, आणि पुष्कळांना वाटते त्यापेक्षा रुंद आहे. पी. गोपालकृष्णन उर्फ दिलीप विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात २९ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेमरी कार्डातला मजकूर हा ‘दस्तऐवज’ आहे आणि एरवी आरोपीला त्याची प्रत मिळाली पाहिजे, असे ठरवले. त्या प्रकरणात पीडितेच्या अब्रूचा प्रश्न होता, म्हणून प्रत नाकारून तज्ज्ञासह पाहणीची परवानगी दिली. पण केंद्रीय न्यायसहायक प्रयोगशाळेसारख्या स्वतंत्र संस्थेकडून दुसरे मत घेण्याची मुभा आरोपीला दिली. एका फटक्यात दोन तत्त्वे ठरली: आरोपीला दुसरे मत मिळू शकते, आणि ते दुसऱ्याच्या अब्रूवर पाय देऊन मिळवता येत नाही. दिवाणी दाव्यात तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम १०-अ खाली न्यायालय स्वतःच वैज्ञानिक तपासणीसाठी कमिशनर नेमू शकते. माझ्या मते हीच सर्वांत स्वच्छ वाट आहे: तज्ज्ञ न्यायालयाचा, प्रश्न दोन्ही पक्षांचे, प्रत दोघांना. भाड्याच्या तज्ज्ञाच्या दुखण्यावर याहून चांगला उतारा मला माहीत नाही.

आणि हे फक्त मोठ्या खटल्यांपुरते समजू नका. समजा, एखाद्या ग्रामसभेने तेंदूपत्त्याचा सौदा केला. शेकडा पुड्यांचा भाव ठेकेदाराने व्हॉइस मेसेजमध्ये कबूल केला आणि हंगामानंतर फिरवला. ग्रामसभेचा सचिव न्यायालयात स्क्रीनशॉटचे प्रिंट घेऊन जातो. स्क्रीनशॉट म्हणजे कागदाच्या फोटोचा फोटो; तो खोटा बनवायला आठवीतल्या पोरालाही दहा मिनिटे पुरतात, हे ठेकेदाराच्या वकिलाला माहीत असते. मूळ मोबाइल दरम्यान विकला गेलेला किंवा ‘फॉरमॅट’ मारलेला असतो. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ उपकरण स्वतः आणून त्यावरचा पुरावा सिद्ध केला तर जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५-ब च्या प्रमाणपत्राची गरज नाही; प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवेच. ज्या ग्रामसभेने वादाच्या पहिल्याच आठवड्यात तो मोबाइल वापरातून काढून, जाणकाराकडून प्रत काढून, हॅश लिहून ठेवला, तिच्याशी ठेकेदार तडजोडीची भाषा बोलेल. तेव्हा स्वतंत्र तपासणी ही आरोपीची पळवाट, हेही खरे नाही. ती जितकी बचावाची, तितकीच फिर्यादीची. ताडोबाच्या वाघाच्या शिकाऱ्याला शिक्षा व्हावी असे ज्या वन अधिकाऱ्याला मनापासून वाटते, त्याने तर तिचे स्वागत करावे. कच्च्या जप्तीवर उभा केलेला खटला वरच्या न्यायालयात कोसळतो, हे साईबाबा प्रकरणाने सरकारलाही शिकवले आहे.

शेवटचा मुद्दा पैशाचा. एटापल्लीच्या माणसाला हे परवडत नाही, हे दुखणे खरे. पण परवडत नाही म्हणून नको, हे औषध उलटे. वकीलही परवडत नव्हता. म्हणून आपण विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ केला आणि त्याच्या कलम १२ ने अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवेचा हक्क दिला. ज्या खटल्यात सगळा पुरावा मोबाइलमध्ये आहे, तिथे तज्ज्ञाशिवाय दिलेला मोफत वकील म्हणजे हत्याराशिवाय धाडलेला शिपाई. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी तज्ज्ञाची फी या सेवेत धरावी, आणि तपासणी न्यायालयाने नेमलेल्या जाणकाराकडून व्हावी, ही मागणी चंद्रपूर-गडचिरोलीच्या वकील संघांनी लावून धरली पाहिजे. खटला लांबतो म्हणाल, तर पहिल्या महिन्यात झालेली तपासणी खटला लांबवत नाही. लांबवते ती दहाव्या वर्षी उपटलेली शंका.

तेव्हा पक्षकारांनो, वाद उभा राहताच तो मोबाइल वापरणे थांबवा, काही पुसू नका, शेजारच्या मोबाइल दुकानदाराकडून ‘डिलीट झालेले’ काढून घेऊ नका. जप्ती होत असेल तर तिचे चित्रीकरण नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे, ते मागा. पंचनाम्यावर मोबाइलचा आयएमईआय क्रमांक, तो चालू की बंद, आणि वेळ लिहून घ्या. तज्ज्ञ नेमाल तेव्हा ‘आमची बाजू सिद्ध करा’ असे सांगू नका. प्रश्न लेखी द्या, आणि उत्तर विरुद्ध गेले तरी ते ऐकायची तयारी ठेवा. आणि यातले काही करायचे तर लवकर करा.

लवकर का, ते एका तारखेवरून कळेल. अहेरीच्या प्रकरणातली जप्ती शाबीत झाली नाही असे उच्च न्यायालयाने सांगितले ते मार्च २०२४ मध्ये. एटापल्लीचा पांडू नरोटे हे ऐकायला नव्हता. तो ऑगस्ट २०२२ मध्येच नागपूरच्या तुरुंगात कैदी असताना आजारपणात गेला.